मागच्या भिंतीचं गेट

दिल्लीहून परत आले तेव्हा आमच्या केंद्रातल्या शाळांच्या झाडून सगळ्या बायांनी एकच प्रश्न विचारला, "लाल किल्ला पाहिला का?" नाही पाहिला. मी गाझियाबादला एका सोसायटीची मागची भिंत पाहिली आणि त्या भिंतीतलं एक लोखंडी गेट. तुम्ही कधी तिकडे गेलात तर हे कुणी दाखवणार नाही, म्हणून मीच लिहून ठेवते.

गेले होते धरण्याला. शिक्षणाचा हक्क घटनेत येऊन बसला होता, पण त्याचा कायदा काही येत नव्हता. लग्न ठरलं आणि तारीख निघेना, अशातली गत. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चार वर्ग, दोन खोल्या, त्यातली एक पावसाळ्यात बंद. आमच्या तालुक्यातून शिक्षक आणि पालक मिळून एक डबा निम्मा भरेल एवढे लोक निघालो. बाकीचे धर्मशाळेत उतरले. मला ताईनं दम भरला होता, "माझं घर असताना धर्मशाळेत राहिलीस तर बघ."

नववा मजला

विमलताई माझ्याहून बरीच मोठी. भाऊजी केंद्र सरकारातले निवृत्त सेक्शन ऑफिसर. सारी हयात सरकारी क्वार्टरमध्ये काढून त्यांनी गाझियाबादच्या नव्या वस्तीत फ्लॅट घेतला होता. मुलगा आणि सूनबाई नोएडाला कंपनीत, त्यांची दोन वर्षांची चिऊ दिवसभर ताईच्या कडेवर. दाराशी गार्ड, गार्डाच्या हातात फोन. "बुलढाणा से बहन आई हैं," असं त्यानं वर कळवलं, वरून होकार आला, तेव्हा कुठे मी लिफ्टमध्ये शिरले. आमच्याकडे बहीण आली की ओट्यावरूनच हाक मारते.

घरात मात्र सगळं ओळखीचं. भिंतीवर माहेरच्या घरातली तीच तसबीर, तिच्यापुढे तशीच मेणबत्ती. ताईनं झुणका केला होता, सोबत गाजराचा हलवा. चिऊ माझ्याकडे बघून म्हणाली, "दादी, ये कौन?" ताई म्हणाली, "मावशीआजी म्हण." तिला ते जमेना. शेवटी ती मला "मावशीजी" म्हणाली आणि मी ते मान्य केलं.

जेवून गॅलरीत गेले आणि खाली शाळा दिसली. बाईमाणसाला दुसऱ्याच्या घरात आधी स्वयंपाकघर दिसतं म्हणतात, मला शाळा दिसते. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे एक पिवळी खोली, एक कडुनिंब आणि निंबाखाली ओळीनं बसलेली मुलं. भिंतीत एक छोटं गेट. त्यातून दप्तरं पाठीला लावलेली पोरं सोसायटीच्या कडेकडेनं चालत होती.

"ही मुलं कुठली?" मी विचारलं.

भाऊजी पेपर खाली न ठेवता म्हणाले, "समोरच्या झोपड्यांतली. बिल्डरनं शाळेची जुनी वाट घेतली, त्या बदल्यात हे गेट ठेवलं. पण आता बंद करतोय. रविवारी जनरल बॉडी आहे. दोन सायकली चोरीला गेल्या, यार. सिक्युरिटीचा इश्यू आहे."

"सायकली मुलांनी नेल्या?"

"तसं कोण म्हणतंय?"

"मग मुलं जाणार कुठून?"

"हायवेवरून जातील वळसा घालून. मी सेक्रेटरी आहे शालू, मला सगळ्यांचं बघावं लागतं."

हायवे मी येताना पाहिला होता. ट्रक असे जात होते की रिक्षावाल्यानं दोनदा देवाचं नाव घेतलं. पहिलीतलं पोर त्या कडेनं चालणार? दोन दिवस आई सोडायला जाईल, तिसऱ्या दिवशी तिला कामावर जायचं असेल आणि पोर घरी राहील. पट घसरला की वरचे साहेब येऊन सांगतील, मुलंच नाहीत तर शाळा कशाला? मी हे आमच्या तालुक्यात दोनदा पाहिलं आहे. तळपायाची आग मस्तकात गेली.

ताई काही बोलली नाही. ती का बोलली नाही हे मला आणि भाऊजींना दोघांनाही ठाऊक होतं. ताईची शाळा सातवीत सुटली. हायस्कूलची वाट एका मोठ्या शेतातून जायची आणि एका वर्षी मालकानं तिथे काट्याचं कुंपण घातलं. मुलगे नाल्यातून वळसा घालून गेले, मुली घरी राहिल्या. मी मोठी होईपर्यंत सडक झाली, म्हणून मी बाई झाले आणि ताई नाही झाली. आमच्या दोघींत हुशार तीच होती.

धरण्यावर

दुसऱ्या दिवशी धरणं. दिल्लीत धरण्यासाठी ठरावीक जागा असते, ती बघून मला हसूच आलं. सरकारनं ओरडायलासुद्धा एक वर्ग नेमून दिला आहे. आमच्या डाव्या हाताला कुठल्याशा गिरणीचे कामगार, उजव्या हाताला पेन्शनवाले म्हातारे. आम्ही ओरडून दमलो की पेन्शनवाले आमच्या घोषणा द्यायचे, ते दमले की आम्ही त्यांच्या. मधल्या वेळात गाडीवरचे छोले-कुलचे. लिंबू पिळून, वर कच्चा कांदा. आमच्याकडच्या वड्यापेक्षा पोटाला आधार जास्त, हे कबूल करते.

दुपारी आमच्यातल्या पाच जणांना एका साहेबांनी आत बोलावलं. चहा, बिस्किटं, गालिचा. माणूस सभ्य होता, हीच अडचण. उद्धट माणसाशी भांडता येतं.

"देखिए, आपकी भावना हम समझते हैं," ते म्हणाले. "लेकिन फंड की कमी है।"

माझी हिंदी रेडिओवर शिकलेली. तरी म्हटलं, "साब, सुबह आते टाइम रस्ते में तीन फ्लायओवर लगे। एक का पैसा हमारे तालुके को दे दो, हर स्कूल को खोली मिल जाएगी।"

"मैडम, वो बजट का अलग हेड है।"

"तो बच्चों का हेड दिखाइए। उसमें क्या बाकी है, देखते हैं।"

साहेब हसले, घड्याळ पाहिलं, निवेदन ठेवून घेतलं. तोंडाला पानं पुसून घेऊन आम्ही बाहेर आलो. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथीगृहात कुणाच्या तरी ओळखीनं चहा मिळाला. तिथे दोन मराठी माणसं मोठ्यानं भांडत होती, ते ऐकून फार बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं, दिल्लीचं सरकार माझ्यानं हलत नाही तर न हलो. ते गेट मी बंद होऊ देणार नाही.

निंबाखाली

सकाळी मी त्या गेटातूनच शाळेत गेले. एक खोली, तिच्यात तीन वर्ग, दोन बाहेर निंबाखाली. संडास बांधलेला, दार बसवलेलं नाही. आणि या सगळ्याला मिळून एकच बाई, रजनी. कंत्राटी. तिकडे अशा बाईला शिक्षामित्र म्हणतात. नाव मोठं आणि मानधन सोसायटीच्या गार्डाएवढंही नाही. हेडमास्तर कागदावर होते आणि दुसऱ्या शाळेत बसत होते.

रजनी पंचविशीतली, तोंडाळ. मी माझी ओळख दिली तर म्हणाली, "बहनजी, आप जैसे बहुत आते हैं। फोटो खींचेंगी?"

"फोटो नहीं। तिसरी का गणित ले लूँ?"

ती खडू माझ्या हातात देऊन दुसरीच्या पोरांकडे वळली. दुपारी मुलांबरोबर मी तहरी खाल्ली. हळदीचा पिवळा भात, बटाटे घातलेला, आपल्या मसालेभाताचा गरीब भाऊ. चव चांगली होती.

आमच्याकडे शाळेचा पट वाढवायचा तर बाई घरभेटीला निघते. दारोदार जायचं, घोटभर चहा घ्यायचा, मुलं शाळेत का येत नाहीत विचारायचं. मी रजनीला म्हटलं, चल, सोसायटीत घरभेटी करू. रविवारच्या आधी चार बायका जरी शाळा बघायला आल्या तरी पुष्कळ.

"वो लोग दरवाज़ा नहीं खोलेंगे," ती म्हणाली. पण आली.

तिसऱ्या मजल्यावर बेल दाबली. जाळीच्या दारामागे एक बाई उभी. मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला, "घर में छोटे बच्चे कितने हैं?" बाई आत गेली, झोपलेलं बाळ उचलून आणलं, दार सताड उघडलं आणि बाळाचे गाल दाबून त्याचं तोंड माझ्यापुढे धरलं. "इस बार जल्दी आ गईं आप लोग?"

माझ्या हातात डोस नव्हता, छत्री होती. बाळानं भोकाड पसरलं. रजनी जिन्यात बसून हसत सुटली. हसणं आवरल्यावर तिनं सांगितलं. या टॉवरमध्ये तिला सगळे ओळखतात, पण पोलिओवाली मॅडम म्हणून. डोस तीच देते, मतदारयाद्या तीच करते, जनगणनेला तीच फिरली होती. रविवारी पोलिओचा दिवस आहे आणि बूथ दर वेळेसारखा शाळेतच.

"मतलब ये सब औरतें बच्चे लेके उस गेट से स्कूल में आएँगी?"

"और कहाँ से आएँगे? हायवे से?"

मी आयुष्यभर पोलिओच्या ड्युटीला शिव्या घातल्या आहेत. शिकवायचं सोडून आम्ही माणसं मोजायची, बोटांना शाई लावायची, उरलेल्या वेळात पाढे. त्या दिवशी जिन्यात उभ्या उभ्या मी त्या ड्युटीला मनातल्या मनात नमस्कार केला.

करोल बाग

रजनीच्या शाळेला घंटा नव्हती. ती टाळ्या वाजवून शाळा भरवायची. आमच्याकडे रुळाचा तुकडा टांगलेला असतो, पण दिल्लीत रूळ कुठून आणायचा? ताई म्हणाली, करोल बागेत गाड्यांचे सुटे भाग मिळतात. चिऊला शेजारी ठेवून आम्ही दोघी निघालो. मेट्रो मी पहिल्यांदाच पाहिली. बाहेर पडायच्या दारात टोकन टाकायचं असतं, ते मी आठवण म्हणून पिशवीच्या तळाशी जपून ठेवलं होतं. मागे रांग लागली, ताई पिशवी उपसत होती, शेंगदाणे फरशीवर. स्टेशनं मात्र अशी लखलखीत की भाताचं शीत सांडलं तर उचलून खावं. एवढं सगळं बांधायला पैसा होता, हे माझ्या डोक्यातून जाईना.

दुकानदाराला म्हटलं, "जुना ब्रेकड्रम दे दो, आवाज अच्छा होना।"

"कौन सी गाड़ी का, माताजी?"

"गाड़ी नहीं। स्कूल के लिए।"

त्यानं तीन ड्रम काढले. ताईनं पान्यानं एकेक ठोकून पाहिला, कान लावून, मडकं घेताना पारखतात तसा. तिसऱ्याचा नाद दुकानभर फिरला. "हाच," ती म्हणाली. परतताना मेट्रोच्या दारावर पोलीसबाईनं पिशवी उघडायला लावली आणि ड्रमकडे बघून विचारलं, "ये क्या है?" ताई पटकन म्हणाली, "घंटी है जी, बच्चों की।" इतक्या वर्षांत तिला एवढं ताठ बोलताना मी ऐकलं नव्हतं.

रविवार

शनिवारी संध्याकाळी कमिटीनं गेटला कुलूप लावलं. सभेआधीच. "ट्रायल बेसिसवर," भाऊजी म्हणाले. शिवाय रजनीकडे निरोप गेला होता, पोलिओचा बूथ क्लबहाउसमध्ये घ्या, तिथे हीटर आहे, चहा देऊ, आमच्या लेडीजना उगीच त्या धुळीत यायला नको.

मी लांबच्या वाटेनं शाळेत जाऊन रजनीला गाठलं. "क्लबहाउस में मत जाना।"

"बहनजी, आप मंगल को चली जाएँगी। मुझे यहीं रहना है।" ती चिडली होती. "सुबह छह बजे से ठंड में मैं बैठूँगी, आप नहीं।"

तिचं खरं होतं. मी परत जायला वळले, तेव्हा तीच म्हणाली, "बूथ स्कूल में ही लगेगा। ऑर्डर में स्कूल लिखा है। ज़िंदगी में पहली बार ऑर्डर मेरे काम आ रहा है।"

सकाळी धुकं होतं. मी समोरच्या झोपड्यांतून मुलं गोळा केली, हातात पोलिओची झेंडी दिली आणि फेरी काढली. आमच्या शाळेत फेरी काढायला आम्हाला निमित्त लागत नाही. पुढच्या गेटावर गार्डानं हात आडवा केला, पण पोलिओची फेरी अडवायची कशी, त्याला कळेना. आम्ही आत. सगळे टॉवर घुमतील असे ओरडत मागच्या भिंतीशी गेलो.

तिथे कुलूप. गेटाच्या गजांपलीकडे निंबाखाली रजनी, टेबल, डोसांचा थंड डबा. आणि अलीकडे हळूहळू बायका जमू लागल्या, कुणाच्या कडेवर बाळ, कुणाच्या बोटाला. शाली, स्वेटर, नाकं लाल. त्यांच्या शेजारी त्यांच्याच मोलकरणींची मुलं. सगळी एकाच कुलपाच्या एकाच बाजूला. पलीकडून रजनीनं निंबाला टांगलेला ड्रम ठोकला. माझ्या फेरीतली मुलं सवयीनं रांगेत उभी राहिली आणि गजांना हात लावून प्रार्थना म्हणू लागली. मी त्यांना सांगितलं नव्हतं. घंटा झाली की प्रार्थना, एवढंच त्यांना माहीत.

"ये ताला किसने लगाया?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं विचारलं. बाळ तेच, गाल तेच.

ट्रॅकसूट घातलेले एक गृहस्थ पुढे आले. कमिटीतले. "हमने लगाया। और गलत क्या है? हम टैक्स देते हैं, ऊपर से एजुकेशन सेस देते हैं। सरकार इनको कहीं और स्कूल बना के दे।"

"सेस देते हो?" मी म्हटलं.

"बिल्कुल देते हैं!"

"तो ये स्कूल तुम्हारे पैसे का है। अपने ही स्कूल को ताला लगाया? पैसा भरके?"

ते काहीतरी म्हणाले, पण बायकांत हसू पसरलं आणि त्यांचं वाक्य त्यात गेलं. तेवढ्यात भाऊजी लगबगीनं आले. "शालू, तमाशा नको. क्लबहाउसमध्ये सगळं अरेंज केलंय. चलो, सब लोग क्लबहाउस चलो।"

पण डोस पलीकडे होता आणि रजनी हलत नव्हती. बायका भाऊजींकडे बघत राहिल्या. "चाबी लाइए ना, भाईसाब," कुणीतरी म्हणालं. भाऊजींनी खिसे चाचपले. किल्ली नव्हती.

किल्ली ताईच्या हातात होती. चिऊला कडेवर घेऊन ती टॉवरच्या दारातून चालत आली, सावकाश, कुणाकडे न बघता. भाऊजी म्हणाले, "विमल, दे इकडे."

ताई थांबली. "अहो, माझ्या वाटेवर काटे घातले तेव्हा मी गप्प बसले. तेव्हा बारा वर्षांची होते. आता का गप्प बसू?"

मराठीत बोलली, त्यामुळे तिथे आम्हा तिघांनाच कळलं. बाकीच्यांना तिचा चेहरा कळला असावा, कारण बायका बाजूला सरल्या. तिनं कुलूप काढलं, गेट ढकललं आणि चिऊला घेऊन पहिली पलीकडे गेली. मागोमाग सगळ्या. बाळं, पोरं, आया, एकच रांग निंबाखाली. रांग लांब होती, म्हणून बायकांना उभं राहून सगळं बघावं लागलं. ती खोली, तो बिनदाराचा संडास, एका फळ्यावर तीन वर्गांचे तीन रकाने. एकीनं विचारलं, "लड़कियाँ टॉयलेट के लिए कहाँ जाती हैं?" रजनी डोस देता देता म्हणाली, "घर जाती हैं। फिर वापस नहीं आतीं।"

सभा

सोसायटीच्या सभेला एरवी घरटी एक पुरुष येतो. त्या संध्याकाळी बायका आल्या. क्लबहाउसातला हीटर त्यांच्या कामी आला. मी पाहुणी, म्हणून मागच्या खुर्चीवर तोंडाला कुलूप लावून बसले, हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते सांगत नाही. दोन तास वादावादी झाली. सायकली निघाल्या, हायवे निघाला, सेस पुन्हा निघाला आणि या वेळी तो तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं काढला. शेवटी ठरलं, गेट राहील, पण रात्री कुलूप हवं. भाऊजींनी सेक्रेटरीच्या आवाजात विचारलं, "विमल, किल्ली?"

"रजनीला दिली," ताई म्हणाली.

सगळ्या माना ताईकडे वळल्या.

"सगळी शाळा तीच सांभाळते. कुलूपही सांभाळेल," ताई हिंदीत म्हणाली, सगळ्यांना कळेल असं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं टाळी वाजवली. मग बऱ्याच जणींनी. भाऊजींनी चष्मा पुसला आणि ठराव लिहून घेतला. लिफ्टमध्ये ते माझ्याशी बोलले नाहीत. मंगळवारी सकाळी मात्र स्टेशनवर सोडायला आले आणि डब्यात बसायला जागा मिळवून दिली. "तू कायमची नाही राहत, हे बरं आहे," म्हणाले. मी म्हटलं, "ताई राहते."

आमच्या शाळेची बंद खोली अजून बंद आहे. कायदाही अजून यायचा आहे. त्यासाठी पुन्हा जाऊ, छोले-कुलचे खाऊ, पेन्शनवाल्यांच्या घोषणा देऊ. पण परवा ताईचा फोन आला. गेटाचं कुलूप आता शाळेच्या बाजूनं लागतं. रजनी सकाळी उघडते, शाळा सुटली की लावून घरी जाते. परवा भाऊजी गेटातून शाळेमागच्या गावात भाजी आणायला गेले होते, गप्पांत उशीर झाला आणि परतले तर गेट बंद. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन हायवेवरून वळसा घालून घरी आले. घाम पुसत म्हणाले, ट्रक अगदी अंगावर येतात, यार, आणि पिशव्या केवढ्या जड.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, दप्तरही जड असतं."